पुढे ढकललेले सामने

हंगाम हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि शेतकरी, आंब्याचे बागाईतदार व खेळाडू या तिघांनीही तो आपलासा केला. पेरणीची वेळ टळली म्हणजे पुढे पाऊस कितीही चांगला झाला तरी त्या वर्षाचे पीक हाती लागत नाही, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. खेळाडूच्या आयुष्यातही अशी वेळ असते आणि ती शेतकऱ्याच्या मानाने फारच तोकडी असते. शेतकऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा मृग लागतो. सोळा वर्षांच्या खेळाडूला पुन्हा सोळावे लागत नाही.

आपल्याकडचा फुटबॉल पूर्वी पावसाच्या तंत्राने चाले. मुंबईत हारवुड लीगचे सामने भर पावसाळ्यात, चिखल तुडवीत खेळले जात. पुढे दूरचित्रवाणी आली आणि खेळाचे पंचांग तिच्या सोयीने मांडले जाऊ लागले. २०२० ते २०२२ या काळात मात्र ते पंचांग रोगाने लिहिले. या काळात सामना पुढे ढकलणे ही केवळ कारकुनी बाब उरली नाही. कोणाच्या सामन्याला दुसरी तारीख मिळावी व कोणाच्या नाही, हा न्यायाचा प्रश्न होऊन बसला. आणि भारतातील, विशेषतः गोमंतक व नवी मुंबई येथील घटनांनी या प्रश्नाची फार वेगवेगळी उत्तरे दिली.

साथ आणि सामने यांचा झगडा काही नवा नव्हे. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईच्या गोदीकडून इन्फ्लुएन्झाची साथ देशात शिरली आणि शरद ऋतूतील दुसऱ्या फेरीत तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच शरद ऋतूत अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल हंगाम मोडून पडला. हा त्यांचा फुटबॉल म्हणजे हातांत चेंडू धरून धडका देण्याचा खेळ. तो आपल्या फुटबॉलहून सर्वस्वी निराळा. महायुद्ध चालू असल्यामुळे तेथील युद्धखात्याने संघांच्या दूरच्या प्रवासावर आधीच निर्बंध घातले होते, त्यात साथीची भर पडली. मिसूरी विद्यापीठाचा त्या वर्षीचा हंगाम झालाच नाही. पिट्सबर्ग व मिशिगन या अग्रगण्य संघांना अवघे पाच-पाच सामने खेळावयास मिळाले. तोंडावर फडकी बांधून जॉर्जिया टेकचा सामना पाहणाऱ्या प्रेक्षकांचे त्या काळचे एक छायाचित्र शंभर वर्षांनी पुन्हा जगभर फिरले.

परंतु त्या साथीतील सर्वांत बोलकी घटना बर्फावरील हॉकीच्या मैदानावर घडली. १९१९ च्या मार्चमध्ये स्टॅन्ली चषकासाठी माँट्रियल कॅनेडियन्स हा संघ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिअॅटल येथे गेला. पाच सामने झाले. दोघांचे दोन-दोन विजय व एक बरोबरी. निर्णायक सामना १ एप्रिलला व्हावयाचा होता, तोच माँट्रियलचे बहुतेक खेळाडू तापाने अंथरुणास खिळले. त्यांच्या व्यवस्थापकाने चषक सिअॅटलला देऊन टाकण्याची तयारी दर्शविली. सिअॅटलचे प्रशिक्षक पीट मल्डून यांनी तो घेण्यास नकार दिला. प्रतिपक्ष आजारी पडला म्हणून मिळालेला विजय त्यांना विजय वाटला नाही. चार दिवसांनी, ५ एप्रिल रोजी, माँट्रियलचा जो हॉल हा खेळाडू रुग्णालयात मरण पावला. त्या वर्षीच्या चषकावर पुढे दोन्ही संघांची नावे कोरण्यात आली व मालिका अपूर्ण राहिल्याची नोंद करण्यात आली. नियमपुस्तकाच्या दृष्टीने हा काही निकाल नव्हे. पण शतकानंतरही त्याची लाज कोणास वाटलेली नाही.

आता आपल्या काळाकडे वळू. १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला तेव्हा प्रेक्षागृह संपूर्ण रिकामे होते. कोलकात्याच्या एटीके संघाने चेन्नईयिनचा ३–१ असा पराभव केला आणि चषक उचलला, तो टाळ्यांविना. भारतीय फुटबॉलमध्ये त्यानंतर शुकशुकाट झाला. आय-लीगचे २८ सामने उरले होते. परंतु मोहन बागानने विजेतेपद आधीच निश्चित केलेले असल्यामुळे त्या संघास विजेता घोषित करण्यात आले, कोणासही खालच्या श्रेणीत लोटण्यात आले नाही आणि पारितोषिकाची उरलेली रक्कम बाकीच्या दहा संघांत सारखी वाटण्यात आली. एप्रिल २०२० मधला हा निर्णय घाईचा म्हणता येईल, अन्यायाचा म्हणता येणार नाही.

पुढचा हंगाम भरवायचा कसा, याचे उत्तर गोमंतकाने दिले. २० नोव्हेंबर २०२० पासून सुपर लीगचे अकराही संघ गोव्यात एकत्र करण्यात आले व मडगाव, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर सगळा हंगाम खेळविण्यात आला. वास्कोच्या मैदानाला लोकमान्य टिळकांचे नाव आहे. एरवी स्थानिक संघांच्या सामन्यांनी गजबजणारे हे मैदान त्या वर्षी कॅमेऱ्यांच्या आणि प्रशिक्षकांच्या आवाजापुरतेच जागे राहिले. सुमारे शंभर दिवसांत साखळीचे ११० सामने पार पडले. प्रत्येक संघाचे हॉटेल वेगळे, ठरावीक दिवसांनी चाचणी, हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल एवढाच प्रवास. या व्यवस्थेला बायो-बबल हे नाव मिळाले. बुडबुडा हा शब्द तिला चपखल होता, कारण आतून बाहेरचे सगळे दिसत असे आणि हात मात्र कशालाच लागत नसे. मुंबई सिटीच्या संघाने १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यावरच एटीके मोहन बागानला २–१ असे हरवून चषक पटकावला. मुंबईच्या क्लबला हा मान प्रथमच मिळाला, आणि मुंबईकरांना तो घरात बसूनच पाहावा लागला.

थोड्या दिवसांत अनेक सामने खेळविले की शरीर थकते, स्नायू दुखावतात. याची जाणीव ठेवून खेळाचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने मे २०२० मध्ये तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरविण्याची तात्पुरती मुभा दिली होती. साथीने दिलेली ही सवलत २०२२ मध्ये कायमची झाली. साथीच्या काळातील खेळाडूंच्या हिताच्या अनेक घोषणा हवेत विरल्या, ही एक तेवढी नियमात उतरली. मनाच्या थकव्यासाठी मात्र बदली खेळाडूची सोय कोणास करता आली नाही. चार-पाच महिने घरच्यांचे तोंड न पाहता, त्याच भिंतींकडे पाहत राहणे हा खेळाडूंच्या कामाचा भाग कधी नव्हता. तो त्या वर्षी झाला.

याच सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांत जो वाद पेटला तो मुद्दाम पाहण्याजोगा आहे, कारण वेळापत्रक आणि खेळाडूंचे हित यांची इतकी उघड रस्सीखेच दुसरीकडे क्वचितच झाली. ८ जुलै २०२० रोजी हार्वर्ड, येल आदींच्या आयव्ही लीगने शरद ऋतूतील सर्व खेळ रद्द केले. ११ ऑगस्टला चौदा विद्यापीठांच्या ‘बिग टेन’ या बलाढ्य संघटनेने व पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ संघटनेने फुटबॉल पुढे ढकलला. वैद्यकीय चिंतेत मुख्य होती ती हृदयाची. करोनातून उठलेल्या तरुण, धडधाकट खेळाडूंच्या हृदयाच्या स्नायूंना सूज राहते की काय, आणि त्या अवस्थेत जोराचा व्यायाम केला तर काय होईल, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २६ बाधित खेळाडू तपासले, त्यांपैकी चौघांच्या चित्रणात अशा सुजेची चिन्हे आढळली. पुढे बिग टेनच्या सुमारे सोळाशे खेळाडूंच्या पाहणीत हे प्रमाण शंभरात दोन-तीन एवढेच निघाले. पण ते नंतरचे ज्ञान होय. ऑगस्टमध्ये निर्णय घेणाऱ्यांच्या हाती भीतीखेरीज फारसे काही नव्हते.

निर्णय पाच आठवडेच टिकला. काही संघटना खेळणार असे दिसताच खेळाडू, पालक, राजकारणी यांचा दबाव वाढला, आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न बुडण्याची धास्ती तर होतीच. १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरविला. मात्र तो फिरवताना रोजच्या चाचणीची व्यवस्था केली, बाधित खेळाडूने एकवीस दिवस सामन्यात उतरावयाचे नाही व हृदयाच्या तपासण्या झाल्यावाचून मुळीच उतरावयाचे नाही, असे बंधन घातले. विनावेतन खेळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जिवावर कोट्यवधींचा व्यवहार चालविणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता असे म्हणण्याचे कारण नाही. तरीही या सगळ्या गदारोळात तेथील विद्यापीठ-क्रीडासंस्थेने एक गोष्ट न्यायाची केली. विद्यार्थ्यास खेळण्यासाठी ठरावीक वर्षेच मिळतात. २०२० चे वर्ष त्यांत धरले जाणार नाही, असे तिने जाहीर केले. साथीने नेलेले वर्ष खेळाडूच्या पदरात परत घालण्याचा हा एक सरळ मार्ग होता.

भारतात क्रिकेटच्या मंडळाने निराळा मार्ग धरला. १९३४ साली सुरू झालेली रणजी करंडक स्पर्धा २०२०–२१ मध्ये प्रथमच भरली नाही. एकदिवसीय सामन्यांची विजय हजारे स्पर्धा मात्र ठेवण्यात आली आणि तिच्यासाठी देशात ठिकठिकाणी सुरक्षित तळ उभारले गेले. जयपूरच्या तळावर मुंबई आणि महाराष्ट्र हे दोन्ही संघ एकाच गटात होते; तेथेच २५ फेब्रुवारी २०२१ रोजी पृथ्वी शॉने पुदुच्चेरीविरुद्ध नाबाद २२७ धावा काढल्या, आणि पुढे मुंबईने ती स्पर्धा जिंकली. परंतु रणजीत खेळणारा खेळाडू पोट भरतो तो मुख्यतः चार दिवसांच्या सामन्यांच्या मानधनावर. त्याची भरपाई म्हणून आदल्या हंगामातील मानधनाच्या निम्मी रक्कम देण्याचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. उशीर झाला खरा, पण बुडालेला हंगाम म्हणजे बुडालेली मजुरी होय, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

पैसा बुडाला तर तो असा काही अंशी भरून देता येतो. वय बुडाले तर? या प्रश्नाशी भारतातील काही मुलींची गाठ पडली.

सतरा वर्षांखालील मुलींची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात व्हावयाची होती. यजमान म्हणून भारताला तीत आपोआप प्रवेश होता. आपल्या मुलींनी विश्वचषकात उतरण्याचा हा पहिलाच प्रसंग ठरणार होता. १ जानेवारी २००३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी ही स्पर्धा होती. स्वीडनचे अनुभवी प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांना पाचारण करण्यात आले. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत स्वीडन व थायलंड यांच्या मुलींबरोबर तिरंगी स्पर्धाही झाली. नंतर टाळेबंदी आली, आणि सराव करणाऱ्या मुली आपापल्या गावी, अंगणात नि गल्लीत चेंडू मारीत राहिल्या. मे २०२० मध्ये फिफाने स्पर्धा फेब्रुवारी–मार्च २०२१ वर नेली. त्या वेळी तिने एक गोष्ट आठवणीने केली. स्पर्धा पुढच्या वर्षात गेली तरी वयाची मूळ अट कायम राहील, असे तिने स्पष्ट केले. म्हणजे २००३ साली जन्मलेली मुलगी बाद होणार नव्हती.

१७ नोव्हेंबर २०२० रोजी ती स्पर्धाच रद्द झाली. भारताला २०२२ च्या स्पर्धेचे यजमानपद देण्यात आले, आणि बातमी वाचणाऱ्या बहुतेकांना वाटले की स्पर्धा दोन वर्षे पुढे गेली, एवढेच. देशाच्या दृष्टीने ते खरेही होते. मुलींच्या दृष्टीने नव्हते, कारण २०२२ ची स्पर्धा १ जानेवारी २००५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी होती. ज्या मुलींनी तयारी केली होती त्यांतील २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली एका घोषणेसरशी वयाने मोठ्या झाल्या.

फिफाच्या बाजूनेही बोलावयास हवे. कोस्टा रिकामधील वीस वर्षांखालील मुलींची स्पर्धा त्याच दिवशी रद्द झाली व पुढच्याच महिन्यात मुलांच्या दोन्ही विश्वचषकांची तीच गत झाली. भारताच्या मुलींवर वेगळा अन्याय झाला असे नव्हे. अनेक खंडांच्या पात्रता स्पर्धाच पूर्ण होऊ शकल्या नव्हत्या. एकोणीस वर्षांच्या मुली सतरा वर्षांखालील स्पर्धेत उतरविणे शक्य नव्हते, हेही उघड आहे. तरीसुद्धा टोकियो ऑलिंपिकचे उदाहरण मनातून जात नाही. तेथील पुरुषांचा फुटबॉल तेवीस वर्षांखालील खेळाडूंचा असतो. स्पर्धा एक वर्ष पुढे गेल्यावर १९९७ साली जन्मलेल्या खेळाडूंना मुभा देऊन वयोमर्यादा एक वर्षाने वाढविण्यात आली. जेथे स्पर्धा पुढे ढकलली गेली तेथे वय थांबविता आले. जेथे ती रद्द झाली तेथे वयाला थांबविणारे कोणी उरले नाही. पुढे ढकलणे व रद्द करणे यांतील अंतर एवढे मोठे असते, हे एरवी कोणाच्या ध्यानातही आले नसते.

डेनरबी यांच्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये भारताच्या वरिष्ठ महिला संघाची सूत्रे आली, आणि त्या हुकलेल्या तुकडीतील काही मुलीही पुढे या संघात पोहोचल्या. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरणार होता. २००३ नंतर भारत प्रथमच या स्पर्धेत उतरणार होता. शिवाय तिच्यातूनच २०२३ च्या विश्वचषकाचे आशियाई संघ निवडले जावयाचे होते. उपांत्यपूर्व फेरी गाठली की विश्वचषकाची आशा जिवंत राहणार होती. तयारीसाठी संघ परदेशी जाऊन आला. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलशी त्यांच्याच भूमीवर सामना झाला. ६–१ अशी हार पत्करावी लागली, पण तो एक गोल मनीषा कल्याणने केला होता व त्याचे अप्रूप बरेच दिवस राहिले.

त्या जानेवारीत ओमिक्रॉनची लाट आली. पहिल्याच आठवड्यात मुंबईतील दिवसाचे नवे रुग्ण वीस हजारांवर गेले. देशातील फुटबॉलची त्या एका महिन्यात जी वाताहत झाली ती शेजारी शेजारी मांडून पाहण्याजोगी आहे.

कोलकात्यात आय-लीग २६ डिसेंबरला सुरू झाली होती. तेरा संघांत जयपूरचा राजस्थान युनायटेड हा नवखा संघही होता. पात्रता स्पर्धा जिंकून तो प्रथमच या पायरीवर चढला होता. लीग तीन-चार दिवसांतच रोगाने थांबविली. ती आधी एक आठवडा, मग किमान सहा आठवडे स्थगित झाली आणि ३ मार्चला पुन्हा सुरू होऊन १४ मे रोजी गोकुलम केरळच्या विजयाने संपली. जयपूरच्या संघाचा पहिलावहिला हंगाम दोन महिने उशिरा का होईना, पण पुरा झाला. संतोष करंडकाची अंतिम फेरी केरळात फेब्रुवारीत होणार होती. ती एप्रिलवर नेण्यात आली व २ मे रोजी केरळने बंगालला पेनल्टींवर हरविले. गोव्यात सुपर लीगचा दुसरा बंदिस्त हंगाम चालू होता. तेथे नियम असा की संघाला पंधरा खेळाडू उभे करता येत नसतील तर सामना शक्यतो दुसऱ्या दिवसावर न्यावा. ते अशक्य झाले तरच प्रतिपक्षाला ३–० असा विजय द्यावा. ८ जानेवारीचा एटीके मोहन बागान व ओडिशा यांचा सामना याप्रमाणे पुढे गेला, त्यामागून आणखी काही गेले.

दूर जर्मनीत बायर्न म्युनिकच्या डॉक्टरांना याच महिन्यात कॅनडाच्या अल्फोन्सो डेव्हिसच्या हृदयाच्या स्नायूत करोनानंतरची सौम्य सूज आढळली. एकवीस वर्षांच्या त्या खेळाडूला सुमारे तीन महिने मैदानाबाहेर बसविण्यात आले व तो बरा होऊन परतला. अमेरिकेतील डॉक्टरांची दीड वर्षापूर्वीची चिंता अगदीच निराधार नव्हती.

नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २० जानेवारीला भारताच्या महिलांनी इराणशी गोलशून्य बरोबरी केली. संधी बऱ्याच मिळाल्या होत्या. सामना जिंकावयास हवा होता, असेच जाणकारांचे मत पडले. सामन्याआधीच दोन खेळाडू बाधित निघाल्या होत्या. २३ जानेवारीला तैवानशी गाठ होती, हा संघ क्रीडाक्षेत्रात चिनी तैपेई या नावाने उतरतो. सामन्याच्या दिवशी बाधितांचा आकडा बारावर गेला. तेवीस जणींच्या संघातून बारा वजा केल्या तर अकरा उरतात. त्यांतही काही जायबंदी. आशियाई फुटबॉल महासंघाच्या साथीसाठी केलेल्या खास नियमांप्रमाणे किमान तेरा खेळाडू हव्या होत्या. तेवढ्या नसतील तर तो संघ स्पर्धेतून माघार घेतो असे समजावे, असे नियमात लिहिलेले होते. माघार एका सामन्यातून नव्हे, संपूर्ण स्पर्धेतून. त्यामुळे इराणशी झालेली बरोबरीही पुसली गेली. २६ तारखेचा चीनशी व्हावयाचा सामना उरला नाही. विश्वचषकाचा रस्ता तेथेच संपला. ज्या मुलींना काहीच होत नव्हते त्याही आपल्या खोल्यांत बसून राहिल्या.

योगायोग असा की गोव्यातला तो ८ जानेवारीचा पुढे ढकललेला सामना खेळला गेला तो याच दिवशी, २३ जानेवारीच्या संध्याकाळी, फातोर्ड्यावर. एकही गोल झाला नाही. पण सामना झाला.

आशियाई महासंघाला दुसरे काही करता आले असते काय? तारखांचा हिशेब पाहू. गटातले सामने २६ जानेवारीस संपत होते आणि उपांत्यपूर्व फेरी ३० तारखेला होती. मधले तीन दिवस मोकळे होते. आपल्या देशात त्या वेळी सौम्य रुग्णास सात दिवसांचे विलगीकरण सांगितलेले होते. २० तारखेच्या आगेमागे ज्या बाधित ठरल्या त्या २७–२८ पर्यंत मोकळ्या झाल्या असत्या. २३ ला बाधित ठरलेल्या झाल्या नसत्या. म्हणजे तैवानचा सामना २८ वर नेला असता तर तेरा जणी कदाचित उभ्या राहिल्या असत्या. पण आठवडाभर अंथरुणात किंवा बंद खोलीत काढलेल्या मुलींना सरावाविना मैदानात ढकलणे हे त्यांच्या हिताचे ठरले असते काय, हाही प्रश्न आहे. बारा देशांचे संघ, त्यांची परतीची विमाने, अठरा दिवसांची मुदत या सर्वांचा विचार करता महासंघाची अडचण खरी होती. महिने हाताशी असलेल्या लीगची मोकळीक अशा स्पर्धेला नसते.

तथापि अडचण निराळी आणि शिक्षा निराळी. सामना होऊ शकत नाही, तर तो प्रतिपक्षाला द्यावा, एवढे समजण्याजोगे आहे. रोगामुळे मैदानात न येऊ शकलेल्या संघाला ‘माघार घेणारा’ म्हणणे आणि त्याचा खेळून झालेला सामनाही रद्द करणे, हे कोणत्या हिताचे रक्षण होते ते सांगणे कठीण आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा खोटी कारणे सांगून सामना टाळणारा संघ असावा. यजमान संघच एके दिवशी अर्धा अंथरुणावर असेल, ही कल्पना त्यांना शिवली नाही. निवासाच्या हॉटेलातील चाचण्यांच्या व्यवस्थेवर डेनरबी यांनी उघडपणे बोट ठेवले. महासंघाने आपली जबाबदारी नाकारली. त्या वादाचा निकाल कधीच लागला नाही. स्पर्धा पुढे चालू राहिली आणि ६ फेब्रुवारीला नेरूळच्याच मैदानावर चीनने दक्षिण कोरियाला ३–२ असे हरवून चषक नेला. सामना उत्कृष्ट झाला. दोन गोलांची पिछाडी भरून काढून चिनी मुलींनी तो जिंकला.

मुलींच्या विश्वचषकाची पुन्हा नेमलेली तारीख ऑक्टोबर २०२२ ची होती. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला अकरा दिवस निलंबित केले तेव्हा तीही जाते की काय अशी वेळ आली होती. पण त्या संकटाचा साथीशी संबंध नव्हता. स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली. भारताच्या मुलींचे प्रशिक्षक पुन्हा डेनरबीच होते. अमेरिकेकडून ८–०, मोरोक्कोकडून ३–० आणि ब्राझीलकडून ५–० अशा तीन पराभवांनी भारताचे आव्हान आटोपले. या आकड्यांवरून त्या मुलींना नावे ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यांची शाळकरी वयातील दोन वर्षे मैदाने बंद असलेल्या देशात गेली होती. आणि ज्यांची तयारी आधीपासून झाली होती त्या मुली तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या होऊन घरी दूरचित्रवाणीसमोर बसल्या होत्या. अंतिम सामना ३० ऑक्टोबर रोजी नेरूळला झाला व स्पेनने कोलंबियाला एका गोलाने हरविले.

वरिष्ठ महिला संघाने त्यानंतर यजमानपदाच्या आधाराविना प्रवेश मिळविण्याचा प्रयत्न केला. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे यजमानांना २–१ असे हरवून भारताच्या महिलांनी ऑस्ट्रेलियातील आशियाई चषकाची पात्रता मिळविली. पात्रता फेरीतून हा टप्पा त्यांनी प्रथमच गाठला. त्याच महिन्याच्या अखेरीस सिडनीत गटांची सोडत निघाली. जपान आणि व्हिएतनाम यांच्याबरोबर भारताच्या गटात चौथी चिठ्ठी चिनी तैपेईची आली, आणि नेरूळला न झालेल्या त्या सामन्याला १० मार्च २०२६ ही तारीख मिळाली.